दाजींचा पायगुण

"पावणं, तुमच्या ह्या झाडाला पायगुणाची फांदी हाय का न्हाय?"

चेअरमन आबासाहेब हिंगमिरे यांनी हा प्रश्न पूर्ण गांभीर्याने विचारला. त्यांच्या टेबलावर मी नुकताच एक मोठा कागद पसरला होता. कागदाच्या माथ्यावर चौकटीत लिहिले होते : 'मुहूर्ताच्या दिवशी गव्हाण थांबते.' त्या चौकटीतून खाली फांद्या फुटत गेल्या होत्या. वीज, मोटर, साखळी, गिअर, माणूस. आमच्या व्यवसायात याला बिघाडवृक्ष म्हणतात. हा वृक्ष वरून खाली वाढतो, आणि त्याची फांदी जिथे संपते तिथे त्याचे मूळ सापडते.

"नाही," मी म्हणालो. "पायगुण पाहता येत नाही, मोजताही येत नाही. असे काही मी काढत नाही."

"मग झाड अपुरं हाय," आबासाहेब म्हणाले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या इसमाकडे त्यांनी खेदाने पाहिले.

तो इसम म्हणजे रघुवीर सासणे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. या साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर तीन वर्षांपूर्वी ते झाले, आणि त्या वर्षापासून दर गळीत हंगामाच्या मुहूर्ताला एकच प्रकार घडत आला होता. पूजा होई, आबासाहेब उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकत, टाळ्या पडत, आणि गव्हाण थांबे. गव्हाण म्हणजे ऊस गाळपाकडे वाहून नेणारा तो रुंद सरकता पट्टा. ती थांबली की कारखाना थांबला. थोड्या वेळाने ती पुन्हा चालू होई आणि उरलेला सगळा हंगाम रात्रंदिवस निमूट चाले. थांबायची ती फक्त मुहूर्ताला, आणि तीही पाहुण्यांच्या देखत.

संचालक मंडळाने कारण केव्हाच शोधले होते. दाजी येण्यापूर्वी गव्हाण मुहूर्ताला कधी थांबली नव्हती, दाजी आल्यापासून दर वर्षी थांबते, तेव्हा पायगुण. हा शब्द नव्या सुनेच्या बाबतीत मी ऐकला होता. पन्नाशीतल्या, टक्कल पडलेल्या अभियंत्याला तो लागलेला प्रथमच पाहत होतो.

मी त्या काळी एका रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागात होतो. काही फुटले, गळले किंवा पेटले की ते का, एवढेच शोधणे हे माझे काम. ताईने फोन करून बोलावले होते. "मधू, सुट्टी काढून ये. यंदा गव्हाण थांबली तर यांनी राजीनामा द्यायचा, असं आबासाहेबांनी तोंडावर सांगितलंय. यांना जेवण जात नाहीये." मुहूर्त दोन दिवसांवर आला होता.

"आबासाहेब," मी म्हणालो, "या आकृतीत दोन प्रकारचे सांधे असतात. एक 'किंवा'चा. खालच्या कारणांपैकी कोणतेही एक घडले तरी वरचा बिघाड होतो. दुसरा 'आणि'चा. खालची सगळी कारणे एकाच वेळी घडली तरच बिघाड होतो, एरवी नाही."

आबासाहेबांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हंजे इलेक्शन. पाडायला कुठलाबी एक गट पुरतो. निवडून यायला समदे लागत्यात."

हा विषय मी पुढे अनेक वर्षे शिकवला, पण याहून चांगले स्पष्टीकरण मला सुचले नाही.

"बगा काय सापडतंय ते," ते उठत म्हणाले. "पन परवा थांबली, तर माझा इलाज न्हाय. सभासद मलाच इचारत्यात. सासणे साहेब, वाईट वाटून घिऊ नका."

"नाही, नाही," दाजी म्हणाले. त्यांना वाईट वाटल्याचे त्यांच्या कानांच्या पाळ्यांवरूनही दिसत होते.

दुपारभर मी आणि दाजी गव्हाणीभोवती फिरलो. मोटर ठीक होती, साखळी ठीक होती. गव्हाणीच्या दोन्ही कडांनी कमरेच्या उंचीवर एक जाड लाल दोरी ताणलेली होती. ती दाखवताना मात्र दाजींच्या आवाजात जीव आला.

"ही मी आल्या आल्या बसवली. आधीच्या कारखान्यात एका मजुराचा सदरा साखळीत अडकला होता. बटण होतं पार त्या टोकाला. कुणी धावत जाऊन दाबेपर्यंत त्याचा हात गेला." त्यांनी दोरी मुठीत धरली. "आता कुठूनही ही ओढली की गव्हाण जागीच थांबते. सोडली की मोटर पुन्हा चालू करता येते. दर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मी स्वतः तपासतो."

त्यांनी ओढून दाखवली. गव्हाण थांबली. सोडून, बटण दाबून दाखवले. चालू झाली. मी कागदावर दोरीची एक फांदी वाढवली आणि तिच्यावर लगेच काट मारली.

"दाजी, मुहूर्ताच्या वेळी तुम्ही कुठे असता?"

"पहिल्या वर्षी काळजीपोटी खाली मोटरपाशी होतो. पुढची दोन वर्षं…" त्यांनी दूर बोट दाखवले. "साखर गोदामाच्या मागे. आबासाहेब म्हणाले, सावलीसुद्धा पडायला नको."

म्हणजे ज्या बिघाडाबद्दल त्यांना दोषी ठरवले होते, तो त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

संध्याकाळी मी नरहरी गुरुजींना गाठले. मुहूर्ताची पूजा तेच सांगत.

"गव्हाण थांबल्यावर तुम्ही काय करता?"

"शांत," गुरुजी म्हणाले. "अपशकुनानंतर तोरण ठेवीत नाहीत, म्हणून प्रथम तोरणे उतरवायची. मग गोमूत्र शिंपडायचे. मग दुसरा नारळ. नंतर बटण. तिन्ही वर्षी यंत्र तत्काळ चालू झाले आहे."

"शांत न करता कधी बटण दाबून पाहिले?"

"औषध न घेता ताप उतरतो का, हे तुम्ही पाहता काय?"

"पाहतो. एरवी औषधाने उतरला हे कळणार कसे?"

गुरुजींनी माझ्याकडे करुणेने पाहिले. "तुमचे लग्न व्हायचे आहे ना अजून?" एवढेच त्यांनी विचारले.

हंगामभर न घडणारी गोष्ट एकाच दिवशी घडते, तेव्हा त्या एका दिवशी वेगळे काय असते ते शोधावे, हा साधा नियम आहे. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्ताची रंगीत तालीम मागितली. सगळे जसेच्या तसे हवे : पूजा, नारळ, मोळी, माणसे.

"यजमानांशिवाय संकल्प होत नाही," गुरुजी म्हणाले. आबासाहेब तालुक्याला गेले होते.

"मग?"

"यजमानांच्या जागी सुपारी ठेवता येईल."

अशा रीतीने चेअरमनांच्या जागी एक सुपारी मांडून तालीम सुरू झाली. नारळ फुटला. मोळी मी टाकली. गव्हाण चालू राहिली. पुन्हा मोळी टाकली. गव्हाण चालूच. कामगार टाळ्या वाजवून कंटाळले. दाजी घाम पुसत म्हणाले, "मधू, ही मुद्दाम करते रे."

"दाजी, यंत्राला मुद्दाम काही करता येत नाही."

"मग मुहूर्तालाच का?"

मी कागदाकडे पाहत राहिलो. एवढ्यात मोटारीचा आवाज आला आणि आबासाहेबांच्या पत्नी, वहिनीसाहेब, खाली उतरल्या. ठेंगण्या, स्थूल, चालताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या. मागून दोन बायका ओल्या झेंडूची आणि आंब्याच्या पानांची भलीमोठी तोरणे घेऊन आल्या.

"उद्या घाई हुतीया," वहिनीसाहेब कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "आजच बांधून बगते. गेल्या साली शेवटाला दोन हात कमी पडलं." आणि त्यांनी तोरणाचे एक टोक घेऊन सवयीच्या हाताने लाल दोरीला गाठ मारली.

मी काहीच बोललो नाही. बोलल्याने प्रयोग बिघडतो. तोरण दोरीवरून पुढे सरकत गेले, जागोजाग गाठी बसत गेल्या, आणि ओल्या फुलांच्या वजनाने दोरी हळूहळू खाली ओढली गेली. गव्हाण चालूच होती. काम संपले तेव्हा वहिनीसाहेबांनी दम टाकला, दोन्ही हातांनी दोरीवर रेलल्या आणि आत डोकावल्या.

"बगू तरी कशी पळतीया."

गव्हाण थांबली.

"तोरण उतरवा!" गुरुजी धावले. "आधी तोरण उतरवा!"

"हात लावू नका!"

"अहो, अपशकुन झाला!"

"झाला तसाच राहू द्या. मला तो पाहायचा आहे."

इतकी वर्षे तो कुणीच पाहिला नव्हता, कारण तो घडताक्षणी पुसून टाकण्याची उत्तम व्यवस्था होती. तोरणाच्या भाराने दोरी थांबण्याच्या काठावर येऊन बसे. मोळी पडताना पुढची रांग ती पाहायला दोरीवर रेले, आणि गव्हाण थांबे. माणसे मागे सरली तरी ओल्या फुलांचे ओझे तिला ओढलेलीच ठेवी. मग शांत म्हणून तोरणे उतरवली जात, दोरी सैल होई, आणि दुसरा नारळ फुटेपर्यंत बटण पुन्हा काम करू लागे. म्हणजे गुरुजींच्या विधीने यंत्र खरोखरच दुरुस्त होत होते. त्यातले गोमूत्र आणि नारळ वगळता येण्याजोगे होते, एवढाच माझा मतभेद उरला. तोरण मंगल असल्यामुळे ते यंत्राला टांगलेले एक ओझे आहे, असे एवढ्या माणसांतून कुणाच्या मनातही आले नव्हते.

दाजी पायरीवर बसले होते. "म्हणजे मी आलो नसतो, तर दोरी नसती."

"हो."

"आणि दोरी नसती, तर गव्हाण थांबली नसती."

"हो."

"म्हणजे पायगुण खरा."

मी आकृतीकडे पाहिले. तिच्यात त्यांचे म्हणणे खोडून काढणारे काही नव्हते.

दुपारी आबासाहेब आले. मी खडूने गव्हाणीशेजारच्या फरशीवरच शेवटची फांदी काढून दाखवली. वर 'गव्हाण थांबते'. खाली 'आणि'चा सांधा. त्याखाली दोन चौकटी : डावीकडे 'दोरी', उजवीकडे 'तोरण'.

आबासाहेब फरशीवर वाकले. "म्हंजे समदे गट लागनार, त्यातलं हे."

"बरोबर. यातले कोणतेही एक काढले की बिघाड होत नाही."

आबासाहेबांनी डावीकडे पाहिले. तिथे, दोरीच्या चौकटीपाशी, दाजी उभे होते. मग उजवीकडे पाहिले. तिथे वहिनीसाहेब उभ्या होत्या. एवढ्या निवडणुका जिंकलेल्या माणसाला हिशेब करायला वेळ लागला नाही.

"दोरी काढून टाका," ते म्हणाले.

"दोरी काढायची असेल तर आधी मला काढा, आबासाहेब."

हे वाक्य दाजींच्या तोंडून आले, हे त्यांनाही क्षणभराने कळले असावे. पण ते जागचे हलले नाहीत.

"ही दोरी तुमी बांदली?" वहिनीसाहेबांनी विचारले.

"हो."

"मला वाटलं, माझ्या तोरनासाठी बांदली." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आदी वर कमानीला तोरन बांदायचं. स्टुलावर चढताना माझं गुडघं करकर वाजायचं. मग एका साली आले तर कंबरंएवढ्या उंचीवर दोरी तयार. म्हनलं, नवा साहेब देवमानूस हाय, बाईमानसाची अडचन न सांगता वळखली. तीन सालं मी या मानसाला मनातल्या मनात आशीर्वाद देतीया, आनि तुमी त्याला गोदामामागं हुबा करताय?"

"मला काय म्हाईत—"

"तुमाला काय म्हाईत असतंय? फोटो कुठं काढायचा तेवढं म्हाईत असतंय." त्या पुन्हा दाजींकडे वळल्या. "मग हाय कशासाठी ही?"

"कुणाचा हात, कपडा आत सापडला, तर ओढायची. कुठूनही. गव्हाण जागीच थांबते."

वहिनीसाहेबांनी दोरीवरून हात फिरवला. तिच्याविषयीचा तीन वर्षांचा गैरसमज मनात दुरुस्त करून घेत असाव्यात. "मग ही ऱ्हाऊ द्या. माझ्या तोरनाला येगळी बांदा. ह्याच उंचीवर. स्टूल नको म्हंजे नको. आनि उद्या हे साहेब गोदामामागं न्हाईत, माझ्याशेजारी हुबे ऱ्हातील."

आबासाहेबांनी खडूची आकृती बुटाने थोडी पुसली. "उद्या थांबली तर मात्र माझा शब्द कायम हाय, पावणं."

"थांबणार नाही," मी म्हणालो. "मी लिहून देतो." त्या वयात मी अशी वाक्ये बोलत असे.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. तोरणाला स्वतंत्र सुतळी ताणली होती, आणि लाल दोरीपुढे बाकडे ठेवून दाजींनी कुणालाही रेलू न देण्याची सोय केली होती. वहिनीसाहेबांना मात्र त्या बाकड्याच्या आत उभे राहण्यास मनाई करण्याचे धैर्य कुणाकडे नव्हते. त्यांच्या शेजारी दाजी, दाजींच्या मागे ताई आणि मी. नारळ फुटला. आबासाहेबांनी खांद्यावरचे जरीकाठी उपरणे सावरले, मोळी उचलली आणि गव्हाणीत टाकली.

गव्हाण चालू राहिली.

ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. टाळ्या पडल्या. आबासाहेब सवयीप्रमाणे मोळीवर हात ठेवून वाकले आणि छायाचित्रकाराकडे पाहून हसले. गेली तीन वर्षे या क्षणी गव्हाण बंद असे, आणि बंद गव्हाणीवर छायाचित्र फार सुबक येई. ती चालू असताना काय होईल, याचा विचार कुणी केला नव्हता. मीही नाही. माझ्या आकृतीच्या माथ्यावर 'गव्हाण थांबते' हा बिघाड होता. 'गव्हाण थांबत नाही' हाही एक बिघाड असू शकतो, हे मला सुचले नव्हते.

मोळी सरकली. तिच्या पाचटात उपरण्याचे टोक गुंतले होते. उपरणे ताणले गेले.

"थांब की रं, फोटो चाललाय," आबासाहेबांनी मागे न पाहताच दटावले. कुणीतरी कार्यकर्ता लक्ष वेधून घेतो आहे, अशी त्यांची समजूत असावी. मग उपरण्याचा गळ्याभोवतीचा वेढा आवळला आणि त्यांचा एक पाय जमिनीवरून सुटला. पुढे, पट्ट्याच्या टोकाला, ऊस तोडणारी पाती फिरत होती.

संचालक मंडळ जागच्या जागी थिजले. छायाचित्रकाराने, इमानाने, आणखी एक छायाचित्र घेतले. दाजींनी हात पुढे टाकला, पण वहिनीसाहेब त्यांच्या आधी पोहोचल्या होत्या. त्यांनी लाल दोरी दोन्ही मुठींत धरली आणि सगळ्या देहाचा भार तिच्यावर टाकला. ते करकरणारे गुडघे तेवढ्यापुरते अधांतरी होते.

गव्हाण थांबली.

त्या शांततेत फक्त गुरुजी हलले. सवयीने त्यांचा हात तोरणाकडे गेला.

"गुरुजी," दोरी न सोडता वहिनीसाहेब म्हणाल्या, "तोरनाला हात लावाल तर बगा."

दाजींनी धावत जाऊन उपरणे कापले. आबासाहेब उभे राहिले, गळा चोळत. मागच्या रांगेतून एका संचालकाचा स्पष्ट आवाज आला : "म्हंजे आवंदाबी थांबली."

मांडवातल्या सगळ्या माना दाजींकडे वळल्या. दाजींनी मान खाली घातली. माझ्या दंडावरची ताईची पकड सुटली.

आबासाहेबांनी गव्हाणीत पडलेला उपरण्याचा तुकडा पाहिला. पुढची पाती पाहिली. मग बायकोकडे पाहिले. ती अजून दोरीला लटकल्यासारखीच होती.

"सासणे साहेब," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हिकडं या. फोटोत हुबं ऱ्हावा."

नंतरच्या भाषणात आबासाहेबांनी ऊसदराचा उल्लेखही केला नाही. "ह्या मानसाचा पायगुण हाय, म्हनून मी तुमच्याम्होरं हुबा हाय," असे ते दाजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. मी उठून सांगणार होतो की हा पायगुण नसून दोरी आहे, आणि ती कमरेच्या उंचीवर असण्याला यांत्रिक कारणे आहेत.

"मधू," ताई पुटपुटली, "खाली बस."

मी खाली बसलो.

दाजी त्याच कारखान्यातून सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या अभियंत्याचे मला मध्यंतरी पत्र आले. त्याला कुणीतरी सांगितले होते की मी बिघाडांची मुळे शोधतो. त्याने लिहिले होते की इथे एक चमत्कारिक प्रकार आहे : हंगामभर उत्तम चालणारी गव्हाण मुहूर्ताच्या दिवशी मोळी पडताच थांबते. थांबण्याचे कारण त्याला माहीत होते. आता ते थांबणे पूजेचाच भाग झाले होते. मोळी पडते, गुरुजी लाल दोरीला हळदकुंकू वाहतात, वहिनीसाहेब ती ओढतात, गव्हाण थांबते, आबासाहेब छायाचित्र काढून घेतात आणि मग पुन्हा बटण दाबले जाते. हा अंधश्रद्धेचा प्रकार बंद करावा असे त्याचे मत होते, आणि त्यासाठी त्याला माझा तांत्रिक पाठिंबा हवा होता.

मी बराच विचार केला. आमच्या रसायन कारखान्यात असल्या दोऱ्या तपासण्याचा लेखी नियम होता, आणि त्यातल्या एकीचा खटका, गरज पडली त्या दिवशी, गंजून बसलेला निघाला होता. दर वर्षी न चुकता, शेकडो साक्षीदारांसमोर, स्वतः चेअरमनांच्या बायकोने तपासलेली दोरी मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही.

मी त्याला कळवले की विधी चालू ठेवावा. हळदकुंकू मात्र दोरीलाच वाहावे, बटणाला नको. ते ओले असते.